सॉफ्टवेअरला वजन खोटं सांगितलं तर जहाजाचं काय होतं?

(आपल्या पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. वाचायला सोपं जावं म्हणून काही वाक्यं थोडी नीट केली आहेत, बाकी सगळं बोललो तसंच.)



लोकलमध्ये उभे असाल, जिममध्ये असाल, नाहीतर रात्री भांडी घासता घासता ऐकत असाल, तर एक काम करा. आपल्या आजूबाजूला एकदा बघा. पायातले बूट, चार्जर, पंखा, टीव्ही. यातली एखादी तरी वस्तू, निदान तिचा एखादा सुटा भाग, कधीतरी लोखंडी डब्यात बसून समुद्रावरून आलेला असणार.

आज त्या डब्याबद्दल, म्हणजे कंटेनरबद्दल बोलायचंय. तो जहाजावर नेमका कुठे ठेवायचा हे ठरवणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल बोलायचंय. आणि मधेच मी माझी स्वतःची एक चूक सांगणार आहे. बरीच वर्षं पोटात ठेवलेली आहे. आज सांगून टाकतो.

आधी आकाराचा अंदाज घेऊया. जून २०२५ मध्ये केरळातल्या विळिंजम बंदरात 'एमएससी इरिना' नावाचं जहाज लागलं होतं. लांबी जवळपास ४०० मीटर. क्षमता २४,३४६ टीईयू. टीईयू म्हणजे एक वीस फुटी कंटेनर. एवढे डबे एकामागे एक रस्त्यावर ठेवले, तर साधारण १४८ किलोमीटरची रांग होईल. म्हणजे मुंबईत पहिला डबा आणि शेवटचा पुण्यात! आणि हे सगळं एका जहाजावर.

आता मागे जाऊया. २६ एप्रिल १९५६. अमेरिकेतल्या नेवार्कहून 'आयडियल एक्स' नावाचं जहाज ह्यूस्टनला निघालं. माल्कम मॅक्लीन या ट्रकवाल्या माणसाची कल्पना होती ती. त्यावर डबे किती होते माहितीये? ५८. अठ्ठावन्न डबे कुठे ठेवायचे हे कागदावर पेन्सिलीने ठरवता येतं. चोवीस हजारांचं काय करणार? तिथे सॉफ्टवेअरच लागतं.

जहाजावरच्या प्रत्येक डब्याला एक पत्ता असतो. सहा आकडी. चाळीतल्या खोलीसारखा समजा. समजा पत्ता आहे २३०४८२. पहिले दोन आकडे २३, म्हणजे जहाजाच्या नाकाकडून मागे मोजत गेलं की कितवा कप्पा, याला म्हणतात बे. विषम नंबर वीस फुटी डब्याला, सम नंबर चाळीस फुटी डब्याला. पुढचे दोन ०४, ही झाली रो, म्हणजे ओळ. मधल्या रेषेपासून सम आकडे डावीकडे, विषम उजवीकडे. शेवटचे दोन ८२, हा टियर, म्हणजे मजला. डेकच्या खाली ०२, ०४, ०६ असे मजले चढत जातात आणि डेकवरचा पहिला मजला साधारणपणे ८२. कळलं? तेवीस नंबरची गल्ली, डावीकडची दुसरी ओळ, डेकवरचा पहिला मजला.

कुठला डबा कुठल्या पत्त्यावर जाणार, हे ठरवणारी तीन माणसं असतात. एक, शिपिंग लाइनचा प्लॅनर. तो बऱ्याचदा भलत्याच देशातल्या ऑफिसात बसलेला असतो. दोन, बंदरातल्या टर्मिनलचा प्लॅनर. कुठली क्रेन कुठला डबा कधी उचलेल हे तो बघतो. आणि तीन, जहाजावरचा चीफ ऑफिसर. त्याच्याकडे असतो लोडिंग कॉम्प्युटर. सगळे डबे चढल्यावर जहाज नीट तरंगेल का, वाकणार तर नाही ना, हे तो त्यावर तपासतो. या तिघांमध्ये एक फाइल फिरते. तिला या धंद्यात 'बॅपली' म्हणतात. कुठल्या पत्त्यावर कुठला डबा, कुठल्या बंदराचा, किती वजनाचा, ते सगळं तिच्यात.

आता हे कोडं किती किचकट आहे बघा. आधी उतरायचा डबा वर हवा, नाहीतर तो काढायला वरचे दहा डबे हलवावे लागतात. द्राक्षांचा, मासळीचा थंड डबा असेल तर जवळ वीज हवी. एकमेकांजवळ ठेवायला धोका असलेली रसायनं लांब हवीत. आणि जड डबे शक्यतो खाली हवेत.

या शेवटच्या वाक्यावर थांबूया. कारण बाकी सगळं चुकलं तर पैसे जातात. वजन चुकलं तर माणसं जाऊ शकतात.

गावाकडे बैलगाडी भरताना बघितलीय का कधी? पुढे भार जास्त झाला की जू बैलांच्या मानेवर बसतं. मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं. जहाजाचंही तसंच. पुढे किती, मागे किती, यावर ते पाण्यात कसं बसणार हे ठरतं.

दुसरी गोष्ट कावडीची. खांद्यावर बांबू, दोन्ही टोकांना घागरी. बांबू कसा मधे वर आणि टोकांना खाली वाकतो? मोठी कंटेनर जहाजं पाण्यात बहुतेक वेळा अशीच, किंचित, वाकलेली असतात. कारण जहाजाचं पोट मधे रुंद असतं, तिथे पाणी जास्त उचलतं. टोकं निमुळती असतात, तिथे पाणी कमी उचलतं, पण वजन तर असतंच. बांबू किती वाकला तर चालेल याला जशी मर्यादा आहे, तशी पोलादालाही आहे. लाट जहाजाच्या बरोबर मधे आली की हे वाकणं आणखी वाढतं.

तिसरी गोष्ट एसटीची. टपावर सगळं सामान आणि आत प्रवासीच नाहीत, तर घाटात गाडी कशी हेलकावेल? वर वजन जास्त झालं की जहाज असंच सावकाश, लांब झुलतं आणि सरळ व्हायला वेळ लावतं. आता तुम्ही म्हणाल, मग सगळं जड खालीच ठेवा की. तेही नाही जमत. खाली अति जड झालं तर जहाज झटक्यात सरळ होतं. त्या झटक्याने वरच्या डब्यांना बांधणाऱ्या लोखंडी सळ्यांवर एवढा ताण येतो की त्या तुटू शकतात. म्हणजे दोन्हीकडून पंचाईत.

लोडिंग कॉम्प्युटर हे सगळं काही सेकंदात मांडून दाखवतो. किती वाकणार, किती झुलणार, कुठल्या रांगेवर किती ताण. आकडा मर्यादेबाहेर गेला की स्क्रीनवर लाल. सगळं आत असलं की हिरवं.

पण मंडळी, तो हे मांडतो कशावरून? डब्याच्या वजनावरून. आणि वजन त्याला कुठून कळतं? तर कुणीतरी टाईप केलेलं असतं. सॉफ्टवेअर काही डबा उचलून बघत नाही.

आता १८ जानेवारी २००७ ला चला. इंग्लिश खाडी, भयंकर वादळ. 'एमएससी नेपोली' नावाचं कंटेनर जहाज अँटवर्पहून पोर्तुगालच्या दिशेने निघालेलं. इंजिनरूमच्या भागात त्याच्या सांगाड्याला तडे गेले, पाणी आत शिरलं. २६ जण लाइफबोटीत उतरले. त्या लाटांमधून ब्रिटिश नौदलाच्या हेलिकॉप्टरांनी त्यांना एकेक करून वर घेतलं. सगळे वाचले. नंतर जहाज ओढून नेऊन इंग्लंडच्या डेव्हन भागात, ब्रँसकम गावासमोर उथळ पाण्यात टेकवलं. डबे वाहत किनाऱ्याला लागले आणि लोक त्यातल्या कोऱ्या बीएमडब्ल्यू मोटरसायकली ढकलत घरी घेऊन गेले. ते फोटो तेव्हा जगभर गाजले.

पण मला त्या मोटरसायकलींपेक्षा पुढची गोष्ट महत्त्वाची वाटते. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास शाखेने चौकशी केली. डेकवरचे सुमारे ६६० डबे कोरडे राहिले होते. ते सगळे वजन करून कागदावरच्या आकड्यांशी ताडून बघितले. १३७ डब्यांमध्ये ३ टनांपेक्षा जास्त फरक निघाला. म्हणजे पाचातला एक डबा! एका डब्यात तर २० टनांचा फरक. त्या १३७ डब्यांचं मिळून वजन कागदापेक्षा ३१२ टन जास्त भरलं. शिवाय ५३ डबे असे, की जे सांगितलेल्या जागी नव्हते, नाहीतर त्या जागी दुसराच डबा होता.

इथे न्यायाने बोलायला हवं. जहाज मोडलं ते मुख्यतः इंजिनरूमच्या भागात सांगाड्याची ताकद कमी पडली म्हणून. नुसत्या वजनाच्या फरकाने ते मोडलं नसतं, असंच चौकशीचं म्हणणं होतं. पण सुरक्षिततेसाठी जी थोडी जास्तीची जागा ठेवलेली असते ना, ती या खोट्या आकड्यांनी खाल्ली. आणि स्क्रीनवर ते दिसलं नाही. दिसणार कसं?

या आणि अशा इतर अपघातांनंतर बरीच वर्षं चर्चा झाली आणि १ जुलै २०१६ पासून जगभर नियम लागू झाला. व्हीजीएम. म्हणजे भरलेल्या डब्याचं पडताळलेलं एकूण वजन. ते कसं काढायचं याच्या दोनच पद्धती. एक, भरलेला डबा काट्यावर चढवायचा. ट्रेलरसकट चढवला तर ट्रेलरचं वजन वजा करायचं. दोन, आतल्या प्रत्येक नगाचं, पॅकिंगचं, लाकडाचं वजन करून बेरीज करायची आणि त्यात रिकाम्या डब्याचं वजन मिळवायचं. ते डब्याच्या दारावर रंगवलेलंच असतं. अंदाज ही पद्धत नाही. जबाबदारी माल पाठवणाऱ्याची. आणि व्हीजीएम नसेल तर डबा जहाजावर चढवायचा नाही.

झाली सोय, असं वाटतं ना? आता माझी गोष्ट ऐका.

२०१८ चा जुलै. मी नवी मुंबईत एका फॉरवर्डरच्या ऑफिसात डॉक्युमेंटेशनला होतो. न्हावा शेवाचं काम. वर्षाला लाखो डबे जातात तिथून आणि त्यामागे माझ्यासारखी हजारो पोरं उरण, पनवेल, बेलापूरच्या ऑफिसांमध्ये आकडे टाईप करत बसलेली असतात. कोल्हापूरच्या एका पार्टीचा डबा होता. वीस फुटी, आत कास्टिंग. व्हीजीएमचा कटऑफ संध्याकाळी सहाचा. साडेपाच वाजले तरी काटा पावती नाही. ड्रायव्हरचा फोन लागेना. पार्टीचा माणूस म्हणे, पाठवतो, पाठवतो.

पावणेसहाला मी सरांना विचारलं. सर म्हणाले, "अरे, मागच्या वेळचं टाक ना. तोच माल, तीच पार्टी. एवढं काय!"

मी मागची शिपमेंट उघडली. १९,४०० किलो. टाईप केलं. खाली एक चौकोन होता, वरील माहिती खरी आहे असा. त्यात बरोबरची खूण केली. सबमिट. पाच वाजून बावन्न मिनिटं. चहा प्यायलो.

पावती आली दोन दिवसांनी, व्हॉट्सअ‍ॅपवर, तिरका काढलेला फोटो. ट्रेलर वजा केला. २५,९०० किलो. पार्टीने या वेळी दोन ऑर्डरी एकाच डब्यात भरल्या होत्या आणि आम्हाला सांगायचं राहून गेलं होतं. साडेसहा टनांचा फरक. मी सरांकडे धावलो. ते म्हणाले, "डबा लोड झाला ना? मग आता कुठे उकरून काढतोस? दंड लागेल, पार्टी बोंबलेल. जाऊ दे."

आणि मी जाऊ दिलं. सर म्हणाले म्हणून नाही हं. मलाही भीती वाटत होती म्हणून.

त्यानंतर रोज रात्री मी मोबाईलवर ते जहाज कुठे पोचलं ते बघायचो. अरबी समुद्रात एक छोटासा बाण. जुलैचा समुद्र, तुम्हाला माहितीये कसा असतो. आई विचारायची, एवढं काय बघतोस रे? मी म्हणायचो, मॅच.

काही झालं नाही. जहाज सुखरूप पोचलं. पार्टी खूश. विषय संपला.

माझा मावसभाऊ कंटेनर जहाजांवर चीफ ऑफिसर आहे. गणपतीत रत्नागिरीला घरी आला होता. आरत्या झाल्यावर ओटीवर बसलो होतो, तेव्हा मी त्याला हे सांगितलं. मला वाटलं, दादा झापणार. त्याने एवढंच विचारलं, "कितव्या टियरला होता डबा?"

मी म्हटलं, "मला काय माहीत?"

तो म्हणाला, "मलाही नसतं कळलं."

मग त्याने समजावलं. लोडिंग संपलं की त्यांचा माणूस जहाजाच्या बाहेर रंगवलेले आकडे वाचतो. जहाज पाण्यात किती खोल बसलंय, म्हणजे ड्राफ्ट. समजा कॉम्प्युटर म्हणतो १२ मीटर ४० सेंटीमीटर आणि बाहेर दिसतंय १२ मीटर ४६. तीनशे मीटरच्या त्याच्या जहाजाला एक सेंटीमीटर खाली बसायला साधारण शंभर टन लागतात. म्हणजे सहाशे टन जास्तीचे. थोडाफार फरक पाण्याच्या घनतेमुळे असतो, थोडा टाक्यांमध्ये साचलेल्या गाळामुळे. बाकीचं वजन डब्यांमधलं. पण कुठल्या डब्यातलं? पुढचं की मागचं? वरचं की खालचं? ते कुणालाच माहीत नसतं. वेळ झालेली असते, पायलट बोर्डवर आलेला असतो. मग कॉम्प्युटरमध्ये सहाशे टनांची एक नोंद अंदाजाने टाकायची, म्हणजे त्याचा ड्राफ्ट बाहेरच्या ड्राफ्टशी जुळतो.

दादा म्हणाला, "कॉम्प्युटरची समजूत मी घालतो रे. पण जहाज वाकतं ते खऱ्या वजनाने."

रात्री झोप येईना म्हणून मी हिशोब करत बसलो. एका सेंटीमीटरला शंभर टन. माझे साडेसहा टन म्हणजे ०.६५ मिलिमीटर. सहा-सात कागदांची जाडी. लाटा हलत असताना एवढा फरक जगातल्या कुठल्याही माणसाला दिसणार नाही. माझी चूक पकडली जाणं शक्यच नव्हतं.

मग नेपोलीचा आकडा आठवला. ३१२ टन. भागिले साडेसहा. किती येतात करून बघा. अठ्ठेचाळीस. बरोब्बर अठ्ठेचाळीस. माझ्यासारखी अठ्ठेचाळीस पोरं, अठ्ठेचाळीस ऑफिसांमध्ये, कटऑफच्या आधी आठ मिनिटं, "मागच्या वेळचं टाक".

आणि एकटी चूकही निरुपद्रवी नसते बरं का. सॉफ्टवेअरला वाटलं एकोणीस टनांचा डबा, म्हणून त्याने तो वरच्या मजल्यावर ठेवला. प्रत्यक्षात तिथे सव्वीस टन. त्या रांगेच्या सळ्या, खालच्या डब्यांचे कोपरे, सगळ्यांवर हिशोबापेक्षा जास्त ताण. आणि वादळात त्या सळ्या तपासायला डेकवर कोण जाणार? दादासारखंच कुणीतरी.

काही जण म्हणतील, मग सॉफ्टवेअर सुधारा. सुधारतायत. काही टर्मिनल गेटवरच्या काट्याचं वजन व्हीजीएमशी ताडून बघतात. काही क्रेनमध्ये डबा उचलतानाच वजन मोजणारे सेन्सर आहेत. फरक दिसला की सिस्टीम डबा अडवते. छानच आहे हे. पण सगळीकडे नाही. आणि रसायनांचं काय? डब्यात काय आहे हेच खोटं लिहिलं, तर कुठला काटा पकडणार? सॉफ्टवेअर दोन धोकादायक डबे लांब ठेवेल, पण ते धोकादायक आहेत हे आधी त्याला कुणीतरी खरं सांगायला हवं.

आपल्या श्रोत्यांमध्ये या लाइनमधली बरीच मंडळी आहेत, म्हणून चार गोष्टी सांगतो. काटा पावती हातात आल्याशिवाय आकडा टाकू नका. रिकाम्या डब्याचं वजन आठवणीने टाकू नका, दाराचा फोटो मागवा. जुनी शिपमेंट कॉपी केलीत तर वजनाची जागा आधी रिकामी करा. आणि चूक कळली तर लगेच लाइनला आणि टर्मिनलला कळवा, लेखी. डबा चढायच्या आधी आकडा सुधारता येतो. चढल्यानंतर कळली तरी कळवा, कारण चीफ ऑफिसरला निदान हे तरी कळेल की ते जास्तीचं वजन कुठे बसलंय. दादाला त्या दिवशी तेवढंच हवं होतं. कितवा टियर.

त्या गणपतीनंतर मी पावतीशिवाय एकही व्हीजीएम टाकला नाही. त्यापायी दोन डबे शटआउट झाले, पुढच्या जहाजाने गेले. एका पार्टीने फोनवर शिव्या घातल्या. सर महिनाभर नीट बोलत नव्हते. नंतर मी ती नोकरी सोडली, पण ती यामुळे नाही, घराजवळ दुसरी मिळाली म्हणून. उगाच हिरो नका करू मला.

दादा आजही जहाजावर आहे. हा भाग रेकॉर्ड करायच्या आधी मी त्याला मेसेज केला, तुझी गोष्ट सांगू का? दोन दिवसांनी, रेंज आल्यावर, उत्तर आलं. "सांग. आणि काटेवाल्यांना सांग, फोटो सरळ काढा."

तर मंडळी, फोटो सरळ काढा!

पुढच्या भागात २७ जून २०१७ चा दिवस. एका व्हायरसने जगातल्या सगळ्यात मोठ्या शिपिंग कंपन्यांपैकी एकीचे कॉम्प्युटर बंद पाडले आणि आपल्या न्हावा शेवातलं एक टर्मिनलही त्यात अडकलं. सॉफ्टवेअरच नाहीसं झालं तर डबे कसे हलवतात, ते तेव्हा बघू. तोवर काळजी घ्या. भेटूया.